शिक्षकापासून सुटलेला धडा : महाजालावरील आज्ञावली-शिक्षणाचा पूर्वेतिहास

मराठी समीक्षेत तंत्रज्ञानाविषयी लिहिले जाते तेव्हा बहुधा दोनच सूर ऐकू येतात, एक स्वागताचा आणि दुसरा विलापाचा. महाजालावरून सॉफ्टवेअर विकसकांना आज्ञावली-लेखन शिकवणाऱ्या अभ्यासक्रमांविषयी साहित्याच्या प्राध्यापकांनी काही म्हणावे, अशी तर कोणाची अपेक्षाही नसते. तरीही आम्ही हा विषय मुद्दाम घेतला आहे, आणि त्याचे कारण आमच्या व्यवसायातच आहे. २०१६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘स्वयम्’ या राष्ट्रीय व्यासपीठावरील अभ्यासक्रमांना एका सत्रातील वीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक देण्याची मुभा दिली. २०१७ च्या जुलैमध्ये हे व्यासपीठ औपचारिकरीत्या सुरू झाले आणि २०२१ साली ती मर्यादा चाळीस टक्क्यांपर्यंत वाढली. दरम्यान मार्च २०२० मध्ये महाविद्यालयांची दारे बंद झाली आणि संत साहित्यापासून भाषाविज्ञानापर्यंत सर्व काही पडद्यासमोर बसून शिकवण्याची पाळी आम्हां सर्वांवर आली.

या काळात ‘चांगला ऑनलाइन धडा कसा असावा’ याविषयी जी मार्गदर्शक सूत्रे आपल्यापर्यंत पोहोचली ती वाचकांना आठवत असतील. चित्रफीत लहान असावी, मध्येमध्ये प्रश्न असावेत, उत्तर तत्काळ तपासले जावे, विद्यार्थ्याने आपल्या गतीने पुढे जावे. ही सूत्रे वाईट नाहीत. परंतु ती मराठीच्या किंवा इतिहासाच्या वर्गात घडलेली नाहीत. ती घडली संगणकशास्त्राच्या वर्गात, आणि त्या विषयाच्या काही खास गुणधर्मांमुळे घडली. हा साचा कोठून आला, त्याने कोणाला काय दिले आणि कोणाला वगळले, हे पाहिल्याशिवाय तो स्वीकारणे किंवा नाकारणे, दोन्ही आम्हांला घाईचे वाटते.

शिक्षक एका गावी आणि विद्यार्थी दुसऱ्या गावी, ही कल्पना महाजालाहून बरीच जुनी आहे. १८४० साली इंग्लंडमध्ये एक पेनीचे टपाल सुरू झाले आणि आयझॅक पिटमन यांनी आपल्या लघुलेखनाचे धडे पत्राने पाठवण्यास प्रारंभ केला. तांत्रिक प्रशिक्षणाच्या दृष्टीने मात्र अधिक महत्त्वाचे उदाहरण अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याचे आहे. कोळशाच्या खाणींत वारंवार होणाऱ्या अपघातांमुळे तेथे मुकादम व तपासनीस यांच्यासाठी परीक्षा आवश्यक झाली होती. थॉमस फॉस्टर हे खाणकामगारांसाठी नियतकालिक चालवणारे संपादक होते. त्यांनी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे सदर सुरू केले, आणि त्या सदराचा विस्तार होत १८९१ साली स्क्रँटन या गावी ‘इंटरनॅशनल करस्पॉन्डन्स स्कूल्स’ ही संस्था उभी राहिली. दिवसभर खाणीत राबणारा मनुष्य रात्री कंदिलाच्या उजेडात भूमितीचा धडा सोडवून टपालात टाकू लागला. १९०६ पर्यंत एकूण नावनोंदणी सुमारे नऊ लाखांवर गेली होती.

ही कथा प्रेरक आहे, आणि खरीही आहे. परंतु तिची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. नाव नोंदवणाऱ्या शंभरांपैकी अभ्यासक्रम पुरा करणारे जेमतेम दोन-तीन होते. शुल्क आधी घेतले जाई, त्यामुळे जो विद्यार्थी पहिल्या तीन-चार धड्यांनंतर थांबला त्याचे उत्तर तपासण्याचा खर्चही संस्थेला पडत नसे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी महाजालावरील शिक्षणावर टीका करताना हेच जुने दफ्तर उघडले होते. पत्रद्वारा शिक्षणाचा व्यवसाय गळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पैशावर तगला, असा त्यांचा मुद्दा होता. नोबल यांचा सूर कडवट होता, आणि त्यांनी ज्यांना लक्ष्य केले त्यांपैकी पुष्कळांनी त्यांना कालबाह्य ठरवले. आकड्यांनी पुढे त्यांना कितपत साथ दिली, ते यथावकाश येईलच.

आता संगणकाकडे वळू. १९६० साली इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी ‘प्लेटो’ नावाची प्रणाली बांधली. पडद्यावर धडा, कळफलकावर उत्तर आणि लगेच यंत्राचा निर्णय, हा आजच्या बहुतेक अभ्यासक्रमांचा सांगाडा तिच्यात स्पष्ट दिसतो. दुसरी परंपरा याहून वेगळी, व्याख्यानाची. १९८५ साली एमआयटीतील हॅरल्ड एबल्सन आणि जेराल्ड सुसमन यांचा, ज्युली सुसमन यांच्या साहाय्याने लिहिलेला, आज्ञावलींची घडण व अर्थ उलगडणारा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, १९८६ साली, या दोघा प्राध्यापकांनी ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठी त्याच अभ्यासक्रमाची व्याख्याने दिली व ती चित्रित झाली. एका कंपनीतील अभियंत्यांसाठी झालेले हे चित्रीकरण पुढे महाजालावर मुक्तपणे उपलब्ध झाले, आणि जगभरातील असंख्य प्रोग्रॅमरांनी ते पाहिले. प्रशिक्षणाची खासगी वस्तू सार्वजनिक होण्याची ही एक ठळक घटना म्हणावी लागेल.

सार्वजनिकतेचा हाच विचार एप्रिल २००१ मध्ये एमआयटीने संस्थेच्या पातळीवर मांडला. आपल्या सर्व अभ्यासक्रमांची सामग्री विनामूल्य ठेवण्याची तिची घोषणा, शिक्षण विकून पैसा करण्याच्या त्या वेळच्या वातावरणात अनेकांना वेडेपणाची वाटली होती. आपल्याकडे २००३ साली आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने मिळून ‘एनपीटेल’ सुरू केले. दूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्याला आयआयटीतील प्राध्यापकाचे व्याख्यान ऐकता यावे, हा त्यामागचा साधा हेतू होता. या टप्प्यावर कोणी कोणाची परीक्षा घेत नव्हते. धडा ग्रंथालयातील पुस्तकासारखा ठेवलेला होता. ज्याला हवा त्याने घ्यावा.

२०११ च्या शरद ऋतूत हे चित्र पालटले. स्टॅनफर्ड विद्यापीठाने संगणकशास्त्राचे तीन अभ्यासक्रम सर्वांसाठी खुले केले. सेबास्टियन थ्रुन व पीटर नॉर्विग यांचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा, अँड्र्यू एन्ग यांचा यंत्र-अध्ययनाचा आणि जेनिफर विडम यांचा विदा-संचयांचा. पहिल्यास सुमारे १,६०,००० जणांनी नाव नोंदवले आणि सुमारे २३,००० जणांनी तो पुरा केला. सलमान खान यांच्या गणिताच्या चित्रफितींवरून स्फूर्ती घेऊन थ्रुन-नॉर्विग यांनी व्यासपीठ, फळा, सभागृह सारे वगळले. पडद्यावर उरला कागदावर लिहिणारा एक हात आणि एक आवाज. काही मिनिटांनी हात थांबे, प्रश्न येई, उत्तर दिल्यावर पुढचा भाग सुरू होई. शेवटच्या गुणांत स्टॅनफर्डमध्ये प्रत्यक्ष बसलेले विद्यार्थी पहिल्या चारशेंतही नव्हते, असे थ्रुन यांनी पुढे अनेकदा सांगितले.

२०१२ साली त्यातूनच युडॅसिटी आणि कोर्सेरा या कंपन्या निघाल्या, आणि एमआयटी व हार्वर्ड यांनी मिळून एडएक्स स्थापन केले. एमआयटीच्या विद्युत-मंडलांवरील पहिल्या अभ्यासक्रमास १,५४,७६३ जणांनी नाव नोंदवले. प्रमाणपत्र मिळाले ७,१५७ जणांना. म्हणजे शंभरांत पाचांहूनही कमी. तरी समर्थकांचा युक्तिवाद असा होता, की सात हजार विद्यार्थी एका प्राध्यापकाला आयुष्यभर वर्गात शिकवूनही मिळणार नाहीत. हा युक्तिवाद पोकळ नाही, हे आम्ही येथे मान्य करतो. मंगोलियातील एका पंधरा वर्षांच्या मुलाने त्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवले आणि पुढे तो एमआयटीत शिकायला गेला. अशा एका मुलासाठीही दार उघडे असणे ही मोलाचीच गोष्ट आहे.

हे सर्व संगणकशास्त्रातच प्रथम का घडले? यंत्रे त्या लोकांच्या हाताशी होती, हे उत्तर अर्धेच आहे. उरलेले अर्धे उत्तर विषयाच्या स्वभावात आहे. विद्यार्थ्याने लिहिलेली आज्ञावली यंत्रावर चालवून पाहता येते. तिला दहा वेगवेगळ्या नोंदी द्याव्यात, दहा अपेक्षित उत्तरांशी ताडून पाहावे. जुळली तर बरोबर, न जुळली तर चूक. हे ताडून पाहण्याचे काम दुसरी आज्ञावली करते, आणि ती एका विद्यार्थ्यासाठी जितकी दमते तितकीच लाखासाठी दमते. शिवाय शिकण्याचे साधन आणि परीक्षेचे साधन एकच असते. ज्या पडद्यावर धडा दिसतो त्याच पडद्यावर आज्ञावली लिहायची असते. सुतारकामाचा किंवा परिचारिकेचा अभ्यासक्रम असा पडद्याआड पुरा होत नाही. साहित्याच्या अभ्यासात तर ‘अपेक्षित उत्तर’ ही कल्पनाच आम्ही पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्यांच्या मनातून पुसू पाहतो.

तथापि आज्ञावलीच्या बाबतीतही ही तपासणी पुरी नसते, आणि हे त्या क्षेत्रातील जाणकार स्वतःच सांगतात. कसोट्या पार करणारी आज्ञावली वाचायला दुर्बोध असू शकते. नावे अर्थहीन, रचना गुंतागुंतीची, पुढच्या माणसाला हात लावता येऊ नये अशी. एबल्सन आणि सुसमन यांनी १९८५ सालच्या प्रस्तावनेतच बजावले होते, की आज्ञावली ही प्रथम माणसांनी वाचण्यासाठी असते आणि यंत्राने ती चालवणे हा त्यातला आनुषंगिक भाग आहे. म्हणजे वाचनाचा आणि शैलीचा प्रश्न तेथेही आहेच. नोकरीच्या ठिकाणी तो ज्येष्ठ सहकाऱ्याने ओळ न् ओळ वाचून दाखवलेल्या चुकांतून सुटतो. स्वयंचलित परीक्षक जे मोजू शकत नाही तेच नेमके तेथे गुरूकडून शिकावे लागते.

२०१३ हे वर्ष या इतिहासात उलट वळणाचे ठरले. कॅलिफोर्नियातील सॅन होजे राज्य विद्यापीठाने युडॅसिटीच्या सहकार्याने प्राथमिक गणित, बीजगणित व संख्याशास्त्र यांचे अल्पदरातील अभ्यासक्रम सुरू केले. विद्यार्थी मुख्यतः आधीच मागे पडलेले होते. उत्तीर्णांचे प्रमाण प्रत्यक्ष वर्गाहून पुष्कळच कमी निघाले आणि जुलैमध्ये प्रयोग थांबवण्यात आला. स्टॅनफर्डच्या प्रयोगात स्वयंप्रेरित अभियंते होते. येथे ज्यांना शेजारी बसून समजावणाऱ्याची गरज होती ते होते. धडा दोघांना सारखाच दिला गेला होता.

त्याच विद्यापीठातील तत्त्वज्ञान विभागाने एप्रिल २०१३ मध्ये हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल सँडेल यांना उद्देशून एक खुले पत्र लिहिले. सँडेल यांचा न्यायविषयक चित्रित अभ्यासक्रम आपल्या वर्गात वापरण्याचा प्रस्ताव त्यांनी नाकारला होता. त्यांची भीती अशी होती, की यातून विद्यापीठांचे दोन वर्ग निर्माण होतील. श्रीमंत विद्यापीठांत विद्यार्थ्यांसमोर जिवंत प्राध्यापक असेल, आणि इतरत्र त्या प्राध्यापकाची चित्रफीत व ती लावून देणारा सहायक. मानव्यविद्यांच्या शिक्षकांनी या साच्याला दिलेले हे आमच्या मते सर्वांत विचारपूर्वक उत्तर आहे. पत्रलेखकांचा आक्षेप यंत्राला नव्हता. न्यायाची चर्चा करताना समोरच्या विद्यार्थ्यांचे स्वतःचे अनुभव चर्चेत आलेच पाहिजेत, हार्वर्डच्या विद्यार्थ्यांची रेकॉर्ड केलेली चर्चा त्यांची जागा घेऊ शकत नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने कोर्सेरावरील विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. उत्तर देणाऱ्यांपैकी दर पाचांतले चारांहून अधिक जण आधीच पदवीधर होते. २०१९ च्या जानेवारीत जस्टिन राइक आणि होसे रुइपेरेस-व्हालिएन्ते यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एमआयटी व हार्वर्डच्या अभ्यासक्रमांचे आकडे मांडले. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण धड्यापर्यंत पोहोचतच नव्हते, आणि २०१७-१८ मध्ये पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण होते ३.१३ टक्के. स्क्रँटनच्या खाणकामगारांपाशी आणि या आकड्यापाशी वाचकांनी क्षणभर थांबावे. टपाल गेले, कंदील गेला, शंभर वर्षे गेली. शेवटापर्यंत पोहोचणाऱ्यांची संख्या मात्र शंभरांत दोन-तीनच राहिली. यावरून दूरशिक्षण व्यर्थ ठरते, असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळ जण चार धड्यांत हवे ते शिकून जातात, ग्रंथालयातील पुस्तकाचे एकच प्रकरण वाचावे तसे. परंतु धडा सर्वांपर्यंत पोहोचला म्हणजे शिक्षण सर्वांपर्यंत पोहोचले, हे समीकरण या आकड्यांपुढे टिकत नाही.

जेथे हे समीकरण जुळले त्या ठिकाणांकडेही पाहिले पाहिजे. जानेवारी २०१४ मध्ये जॉर्जिया टेक विद्यापीठाने संगणकशास्त्राची पूर्ण पदव्युत्तर पदवी महाजालावरून देण्यास सुरुवात केली. शुल्क सुमारे सात हजार डॉलर, म्हणजे तेथील मानाने अगदी अल्प. हजारो नोकरदार विकसकांनी ती मिळवली. तेथे प्रवेशाची अट होती, वेळापत्रक होते, आणि उत्तरे वाचणारे शेकडो मानवी सहायक होते. साहित्याच्या क्षेत्रातील उदाहरण त्याहून बोलके आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे प्राध्यापक अल फिलरीस यांनी आधुनिक अमेरिकन कवितेचा दहा आठवड्यांचा मुक्त अभ्यासक्रम सुरू केला आणि पहिल्याच खेपेस सुमारे छत्तीस हजार लोक आले. त्यांनी व्याख्यान टाळले. एका टेबलाभोवती बसून काही विद्यार्थी एक कविता ओळीओळीने वाचत आहेत, अडखळत आहेत, एकमेकांना विरोध करत आहेत, हे त्यांनी चित्रित केले. पाहणाऱ्याला निष्कर्षाऐवजी वाचण्याची रीत मिळाली. संगणकशास्त्राने दिलेला साचा त्यांनी घेतला, पण त्यातले स्वयंचलित उत्तर-तपासणीचे हृदय काढून तेथे संवाद बसवला.

आता भाषेचा प्रश्न, जो आमच्या मते या सर्व चर्चेत सर्वाधिक दुर्लक्षित आहे. वर उल्लेखिलेल्या जवळपास प्रत्येक अभ्यासक्रमाची मूळ भाषा इंग्रजी आहे. तांत्रिक शिक्षण इंग्रजीतच होणार, हे आपण इतके गृहीत धरले आहे की याविरुद्धचा प्रयत्न आपल्याच शहरात दोनशे वर्षांपूर्वी झाला होता याचे विस्मरण झाले आहे. १८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण देशी भाषांतून देणारी संस्था चालवली आणि हटनच्या गणितग्रंथासारखी पुस्तके मराठीत आणली. पुढे १८४७ च्या सुमारास बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये माध्यमाचा वाद पेटला. अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजीकडे होता. जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. उच्च शिक्षणात अखेर इंग्रजीची बाजू वरचढ ठरली. मराठीत गणित-विज्ञानाचे लेखन त्यानंतरही होत राहिले, पण मराठीतून अभियंता घडवण्याचा धागा तेथे तुटला.

तो धागा अनपेक्षित ठिकाणी पुन्हा हाती आलेला दिसतो. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांनी ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा केला. लिनक्स, पायथन, जावा, सी यांसारख्या मुक्त प्रणाली व भाषा शिकवणाऱ्या सुमारे दहा मिनिटांच्या या चित्रफिती आहेत. शिकणाऱ्याने पडद्याच्या एका बाजूस धडा आणि दुसऱ्या बाजूस प्रत्यक्ष प्रणाली उघडावी, धडा थांबवत थांबवत तीच कृती आपण करावी, अशी ही पद्धत आहे. पडद्यावरची अक्षरे इंग्रजीच राहतात. निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येते. महाजालाचा वेग नसलेल्या ठिकाणी धडे उतरवून घेऊन चालवता येतील, अशीही योजना आहे.

साहित्याच्या अभ्यासकांनी या धड्यांच्या संहितेकडे अवश्य पाहावे. ती दोन रकान्यांत लिहिली जाते. एकात पडद्यावर काय घडते ते, दुसऱ्यात त्या वेळी काय बोलले जाते ते. ती नवख्या माणसाकडून तपासून घेतली जाते. तज्ज्ञाला समजले एवढे पुरत नाही. मराठी निवेदन करणाऱ्यासमोर अडचण अशी, की मूळ वाक्याला जितके सेकंद लागले तितक्यातच मराठी वाक्य बसले पाहिजे, नाहीतर आवाज मागे राहतो आणि पडद्यावरची खूण पुढे जाते. पडद्यावर जी आज्ञा इंग्रजीत दिसते तिचे परिभाषाकोशातील मराठी रूप सांगून उपयोग नाही, कारण शिकणाऱ्याला बोट त्या इंग्रजी शब्दावरच ठेवायचे आहे. आणि तरीही वाक्याची चाल मराठी राहिली पाहिजे, क्रियापद शेवटी आले पाहिजे, आदरार्थी रूप टिकले पाहिजे. भाषांतराच्या तासाला आम्ही जे प्रश्न कवितेच्या निमित्ताने मांडतो ते सर्व येथे हजर आहेत, आणि येथे चुकीची शिक्षा तत्काळ होते, कारण ऐकणाऱ्याची आज्ञावली चालत नाही.

या इतिहासातून आम्ही दोन मागण्या मांडू इच्छितो. पहिली, ‘स्वयम्’वरील साहित्यविषयक अभ्यासक्रमांचे मूल्यमापन बहुपर्यायी प्रश्नांवर सोपवण्याआधी विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी फिलरीस यांच्यासारखी, गटाने केलेल्या वाचनाची रीत आजमावून पाहावी. ती करताना उत्तरे वाचणाऱ्या माणसांचा खर्च धरावाच लागेल. जॉर्जिया टेकने तो संगणकशास्त्रासारख्या विषयातही धरला आहे. दुसरी मागणी आपल्या विभागांकडे आहे. बी.ए. व एम.ए. मराठीच्या अभ्यासक्रमांत प्रकल्पलेखनाला आज जी श्रेयांके आहेत, त्यांत तांत्रिक धड्याची मराठी संहिता तयार करण्याचा पर्याय ठेवावा. शेजारच्या संगणकशास्त्र विभागातील पहिल्या वर्षाचा, मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी तिचा पहिला श्रोता असावा. धडा ऐकून त्याला पाच ओळींची आज्ञावली चालवता आली की नाही, यावरून त्या संहितेचे गुण ठरावेत, आणि ते गुण देण्यासाठी दोन्ही विभागांचे प्राध्यापक एका खोलीत बसावेत.